खालची मंडळी

सर पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा जेवणाचा डबा होता आणि डब्यात माती होती.

मी नगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. दुपारची वेळ होती, मुलं गेली होती, मी टेबलं पुसत होतो. साठीच्या पुढचे एक उंच, काटकुळे गृहस्थ दारातून आत आले ते 'येऊ का' वगैरे काही न विचारता सरळ मायक्रोस्कोपपाशी गेले.

"हा चालू आहे ना?"

"आपण कोण?"

"ते नंतर. आधी थोडं पाणी दे. उशीर झाला तर मरतील बिचारी."

"कोण?"

"खालची मंडळी," ते म्हणाले. घरातली माणसं स्टेशनावर खोळंबली असावीत, तसा त्यांचा स्वर होता.

चिमूटभर माती पाण्यात कालवून त्यांनी काचेवर थेंब ठेवला, डोळा लावला आणि दुसऱ्या क्षणी मला मानेला धरून पुढे ओढलं. "बघ! बघ की!" परीक्षेच्या दिवसांत अशा काचा मी ढिगाने लावलेल्या. पण मागे कुणीतरी नाचतंय आणि आपण बघतोय, असं कधी झालं नव्हतं. आत खरोखरच पळापळ चालली होती. टिकलीएवढं काही गरगरत होतं, काही सुळकन जात होतं, एक पारदर्शक दोरा वळवळत सगळ्यांना ढकलत निघाला होता.

"तुझं गाव कुठलं? शेती आहे? मग तिथली माती आण."

श्रीगोंदा तालुक्यात आमचं गाव. पुढच्या सोमवारी मी घरून माती आणली. सरांनी काचा बदलून बदलून पाहिल्या. बोलताना, ऐकताना, अगदी लघवीला उभं असतानासुद्धा त्यांचा एक पाय सारखा हलत असायचा. तो पाय थांबला. मग म्हणाले, "इथे कुणी राहत नाही रे."

मला वाईट वाटलं. आपली जमीन वाईट आहे हे आपण म्हणणं वेगळं. ओढ्याकडचा तो तुकडा माझा थोरला भाऊ, दादा, कसत होता. वर्षानुवर्षं ऊस आणि कॅनॉलचं पाणी, पाणी आणि ऊस. शेवटी जमीन चोपण झाली. उन्हाळ्यात वर क्षाराचं पांढरं फूल यायचं, पावसात साबणासारखी निसरडी व्हायची, ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. दादा त्या बाजूने जाणंच टाळायचा.

"कधी जायचं?" सरांनी विचारलं.

"कुठे?"

"तुझ्या गावाला. आत्ता गाडी असेल ना?"

डबा धुऊन होईस्तोवर ते खाली एसटी स्टँडकडे निघालेसुद्धा होते.

सर आयुष्यभर बिअरच्या कारखान्यात होते. बार्ली भिजवायची, मोड आणायचे, शिजवायची, यीस्ट घालून आंबवायची, ह्या सगळ्याचे ते प्रमुख. घराणं मात्र भिक्षुकाचं. "वडील सत्यनारायण सांगायचे, मी बिअर करायचो. घरात दोन्हीकडून तीर्थच," असं ते स्वतःच सांगत. पण बिअरचा घोट त्यांनी कधी घशाखाली घातला नाही. चव घ्यायची आणि थुंकायची. "जीभ हे हत्यार आहे, हत्यार भिजत ठेवत नाहीत," म्हणायचे.

बिअर उतरली की मागे बार्लीचा ओला चोथा राहतो. चांगला चोथा गोठेवाले जनावरांना नेत. जो आंबून बसे तो, आणि टाक्यांच्या तळाचा यीस्टचा गाळ, कारखान्यामागच्या खड्ड्यात जाई. निवृत्तीच्या आसपास एकदा सरांना दिसलं की त्या खड्ड्यात काही म्हणजे काही उगवत नाही, पण काठावर, जिथे जुना चोथा पालापाचोळ्यात मिसळून काळा पडलाय, तिथे राजगिरा कमरेएवढा वाढलाय. झालं. त्या दिवसापासून त्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही. त्यांनी घराच्या गच्चीवर चोथ्याचे ढीग लावले. बायको मुलीकडे पुण्याला निघून गेली. भांडण वगैरे नाही. "वास गेला की येते" म्हणाली होती.

असा तो माणूस आमच्या ओसरीवर उभा राहिला आणि दादाला म्हणाला, "तुमचा तो मेलेला तुकडा मला द्या. पीक तुमचं, खत माझं. एवढंच की मी सांगेन तसं."

"कशाचं खत?" दादा म्हणाला.

सरांनी सांगितलं. आतून आई बाहेर आली. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात कांद्यावरूनही चातुर्मासात बोलणी व्हायची.

"दारूचं हाय का ते?"

"आई, दारू बाटलीत गेली. हे मागं राहिलेलं."

"पर हाय तर त्यातलंच न्हवं?"

सर विचारात पडले. त्यांना खोटं सुचायला वेळ लागायचा, आणि सुचेपर्यंत खरं तोंडातून गेलेलं असायचं. "आहे त्यातलंच," ते म्हणाले. "पण गाईचं दूध देवाला जातं आणि शेण मागं राहतं, ते आपण टाकून देतो का?"

आईने पदर सारखा केला. "घराकडं वास आला तर मी हाय आन् तुमी हाय," एवढं बोलून ती आत गेली. हे आमच्याकडे संमतीत धरतात.

गावाचं एवढ्यावर भागलं नाही. काही वर्षांपूर्वी एका दारूच्या कारखान्याचं काळं पाणी ओढ्याला सोडलं गेलं होतं आणि ओढ्याकाठच्या विहिरी तांबड्या झाल्या होत्या. आमच्या बांधाला बांध असलेल्या आप्पांची विहीर त्यातच गेली. आप्पा म्हणजे साठीचे, तापट, एका शब्दावर कुऱ्हाड उचलणारे. चोथ्याचा पहिला टेम्पो आला तसे ते रस्त्यात आडवे उभे राहिले. "दारूच्या कारखान्याचं म्हनून जे काय आसंल ते माझ्या शिवारात येनार न्हाई."

सर टेम्पोतून उतरले, आप्पांच्या विहिरीवर गेले, पोहरा ओढून पाणी तोंडात घेतलं, घोळवलं आणि थुंकलं. "अजून आहे त्यात," म्हणाले. "तुम्ही चिडताय ते बरोबर आहे. ते पाणी होतं, लोंढ्यानं सोडलेलं. हे मी ओल्यावर ओलं टाकणार नाही. पाचट घालीन, शेण घालीन, कुजवीन, काळं होईल, मातीसारखा वास येईल, मगच रानात. तोवर तुमच्या बांधापासून लांब ठेवतो." आप्पा रस्त्यातून हलले, पण पुढे कितीतरी दिवस पाण्याच्या पाळीवरून जाता-येता ढिगाकडे बघून थुंकत होते. सर त्यांना तिथूनच ओरडून विचारायचे, "चव कशी आहे?"

त्यांना आम्ही पडवीतली खोली दिली होती. खाटही दिली. खाटेवर त्यांनी कागद पसरून माती वाळत घातली आणि स्वतः कोपऱ्यात पोत्यावर झोपू लागले. चहा कधी पुरा प्यायले नाहीत. दोन घोट झाले की काहीतरी आठवायचं आणि कप बांधावर, चाकावर, एकदा तर म्हशीच्या पाठीवर राहायचा. वहिनी कप शोधत फिरायची. ढिगात कोपरापर्यंत हात घालून ते तो किती तापलाय हे बघायचे. हात भाजला की खूश, नुसता कोमट लागला की अस्वस्थ. मग फावडं घेऊन अख्खा ढीग वरचा खाली, खालचा वर. मदतीला गेलं की आपण नीट करत नाही म्हणून ओरडायचे, आणि नाही गेलं तर कुणी येत नाही म्हणून.

आधी त्यांनी दादाकडून चर खणून घेतला, साचलेलं पाणी ओढ्याकडे निघायला. दादा वैतागला. खत टाकायला आलेला माणूस खड्डे खणायला लावतो म्हणाला. सरांचं उत्तर ठरलेलं. "आधी पाहुण्यांना श्वास घेता यायला हवा, मग जेवायला वाढू."

एकदा आम्ही दोघं एसटीने गावाकडे येत होतो. रस्त्यालगत कुणीतरी तोडलेल्या उसाचं पाचट पेटवलं होतं. सरांनी घंटीची दोरी ओढली. कंडक्टर म्हणाला, "स्टॉप न्हाई." सर म्हणाले, "आग आहे!" घाबरून ड्रायव्हरने गाडी उभी केली. सर उतरून थेट रानात शिरले आणि अंगातला शर्ट काढून जाळावर बडवायला लागले. ज्याचं रान तो माणूस हातात बिडी धरून बघतच राहिला. "आवो, म्याच लावलाय!" तो ओरडत होता. "खालची मंडळी भाजतायत!" सर ओरडत होते. अर्धी एसटी खिडकीतून डोकावत होती. भुवया जळालेल्या, शर्टाला भोक पडलेलं, अशा अवतारात ते संध्याकाळी घरी पोचले ते चालत. मी मात्र गाडीतून उतरलोच नाही. ओळखीच्या लोकांत मला लाज वाटली होती आणि ते त्यांना ठाऊक होतं. ते फक्त उरलेलं पाचट मागायला उद्या आपल्याला तिकडे जायचंय, एवढंच म्हणाले. आणि गेलो. त्या माणसाने दिलंही. असल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, असं काहीतरी तो बायकोला सांगत होता.

पण गावात सरांचं नाव खऱ्या अर्थाने झालं ते बनियनमुळे.

त्यांनी बाजारातून नवीकोरी पांढरी सुती बनियन आणली आणि ठिकठिकाणी वीतभर खोल पुरली. आमच्या चोपण तुकड्यात एक, त्याच तुकड्यात जिथे चोथ्याचं खत मिसळलं होतं तिथे एक, बांधावरच्या लिंबाखाली एक. जागा ओळखता यावी म्हणून प्रत्येकीला तांबडा दोरा बांधून त्याचं टोक वर ठेवलं. आप्पांच्या कडेलाही एक पुरली. त्यांना विचारलं होतं का? अर्थातच नाही.

दीडेक महिना झाला आणि आप्पांची दुभती म्हैस आटली. आणि त्याच आठवड्यात बांध कोरताना आप्पांच्या कुदळीला तांबड्या दोऱ्याची पांढरी बनियन लागली.

सकाळी मारुतीच्या पारापुढे अख्खं गाव गोळा. आप्पांनी काठीच्या टोकावर ती बनियन धरली होती, हात लावायची त्यांची हिंमत नव्हती. "करनी केली माझ्यावर! ह्या भटानं करनी केली!" दादाचा चेहरा उतरला. कुणीतरी म्हणालं, तालुक्याला फोन करा. कुणीतरी म्हणालं, आधी हातपाय बांधा. वातावरण गमतीचं मुळीच नव्हतं. मागच्या बाजूला दोघातिघांनी दगड उचललेले मी पाहिले.

सर पुढे झाले आणि त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल तर आप्पांच्या काठीवरून ती बनियन ओढून उजेडात धरून बघितली. "अरेरे," म्हणाले, "लवकर काढलीत हो! पण बघा, इथे भोकं पडायला लागलीयेत. तुमचं रान ठीक आहे, आप्पा."

"काय ठीक हाय?"

"चला, दाखवतो. सगळ्यांनी चला."

दगड हातात असलेले लोकही मागून निघाले. आमच्या रानात सरांनी कुदळ घेतली. चोपणातली बनियन निघाली ती चिखलाने मळलेली, पण सबंध. धुऊन घातली असती तर चालली असती. खत मिसळलेल्या जागची अर्धीअधिक खाल्लेली, पाठीला मोठं भगदाड. मग लिंबाखाली. तिथे सर हाताने उकरत गेले, उकरत गेले आणि वर आली ती नुसती शिवण. सुती कापड नाहीसं, शिवणीचा नायलॉनचा दोरा तेवढा बनियनच्या आकारात लोंबत होता.

"सुती कापड म्हणजे त्यांचं जेवण," सर म्हणाले. "जिथे मंडळी आहेत तिथे ताट साफ. जिथे नाहीत तिथे वाढलेलं तसंच पडून."

कुणीतरी ती शिवण आप्पांच्या हातात दिली आणि ती त्यांनी धरली, उलटीसुलटी करून पाहिली.

वहिनी बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती चोपणातली सबंध बनियन बघत होती. "म्हंजी," ती हळूच म्हणाली, "आमच्या रानात खायाला कुनीच न्हाई व्हय?"

सर पहिल्यांदाच तिच्याकडे नीट वळले. "होते. आपण घालवले. येतील परत."

दगड लोकांनी तिथेच बांधावर टाकले. आप्पांची म्हैस का आटली हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण पुढच्या दिवाळीत आप्पांनी सरांना नवी बनियन भेट दिली. ती सरांनी पुरली, हे आप्पांना नको सांगायला.

आप्पा एकदा वळले की पुरते वळायचे, आणि तेच नडलं. सरांचं खत काळं पडायला महिने लागतात, हे त्यांना पटेना. सर पुण्याला बायकोला भेटायला गेले असताना आप्पांनी टेम्पोवाल्याला परस्पर गाठून ताजा चोथा थेट कांद्याच्या वाफ्यात पसरला. वर पाणी दिलं. उन्हं होती. चोथा आंबला, तापला, आणि आठवडा व्हायच्या आत पात पिवळी पडून झोपली. आंबूस वास वस्तीपर्यंत येत होता.

सर परतले ते थेट त्या वाफ्यात. आप्पा बांधावर बसले होते, कुऱ्हाड शेजारी. सरांनी एक रोप उपटून मुळं पाहिली, तपकिरी, उकडलेल्यासारखी. मी सांगितलं होतं, असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "खोरं कुठंय?"

मग ते, आप्पा, आप्पांची सून आणि मी, वाफ्यांतला चोथा खरवडून पाट्यांनी बाहेर काढत होतो. सर अखंड बोलत होते. "एवढं गोडधोड एकदम वाढलं की काय होणार? खालची मंडळी तुटून पडली, सगळी हवा ओढून घेतली, मुळं गुदमरली. चूक त्यांची नाही. तुमचीही नाही. मी नसताना टेम्पो यायलाच नको होता, ती माझी." कडेचे थोडे वाफे वाचले, बाकी गेलं. आप्पांनी कुऱ्हाड उचलली ती घराकडे जाताना, आणि जाताना म्हणाले, "सर, जेवायलाच या." सर गेले, आणि आमटी अर्धी टाकून उठले, कारण त्यांना ढीग पालथा घालायचं आठवलं.

आता सांगायचं ते दादाचं.

दुसऱ्या वर्षी चोपण तुकड्यात सरांनी गव्हाच्या तीन पट्ट्या आखल्या. खुंट्या ठोकून सुतळ्या बांधल्या. एकीला नुसता युरिया, एकीला शेणखत, एकीला चोथ्याचं खत. युरियाची पट्टी केविलवाणी राहिली. बाकीच्या दोन्हींत गहू उभा राहिला. ज्या जमिनीत काही येत नव्हतं तिथे गहू! दादा पहाटे उठून तिकडे जायला लागला. गांडुळांची विष्ठा दिसली की आईला हाक मारून दाखवायचा.

ही बातमी नगरच्या एका खतांच्या व्यापाऱ्यापर्यंत गेली. तो गाडी घेऊन आला, त्याने गहू पाहिला, दादाशी बोलला. यीस्टच्या गाळापासून द्रवखत करायचं, कॅनमध्ये भरायचं, तालुक्याची एजन्सी दादाला. दादाने पुढची खोली रिकामी केली. दुकानाची पाटी रंगवायलासुद्धा टाकली. ऊस गेल्यापासून लोकांत गप्प बसणारा माझा भाऊ त्या दिवसांत चारचौघांत मोठ्याने बोलायला लागला होता. मला ते बघून बरं वाटायचं.

व्यापाऱ्याने शिवारफेरी ठेवली. रानाच्या कडेला मांडव, खुर्च्या, आजूबाजूच्या गावांतले शेतकरी, टेबलावर निळ्या कॅनची रांग. व्यापारी तासभर बोलला. मग म्हणाला, आता ज्यांनी हा चमत्कार केला त्या सरांनी दोन शब्द बोलावेत.

सर उठले. खरं तर ते बसलेलेच नव्हते, मांडवाच्या खांबाभोवती फिरत होते.

"चमत्कार झालेला नाही," ते म्हणाले. "ती पट्टी चोथ्याची, ती शेणखताची. दोन्हीकडे गहू सारखा आहे. मी कापून, वजन करून पाहिलंय. तेव्हा ज्याच्या दारात जनावर आहे त्याने हे विकत घेऊ नये. ज्याच्याकडे नाही, त्याने चोथा आणावा, स्वतः कुजवावा. आणि हे..." त्यांनी एक कॅन उचलला, झाकण काढलं, हुंगलं, तोंडात घेऊन बाजूला थुंकलं. "हा उन्हात पत्र्याखाली ठेवलेला. यातली मंडळी मेलेली आहेत. मेलेल्यांना जेवायला बोलावून काय उपयोग?"

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि खुर्च्या सरकायला लागल्या. व्यापारी कॅन गाडीत भरून गेला तो दादाशी एक शब्द न बोलता.

मांडवात आम्ही घरचेच उरलो. दादा सरांसमोर येऊन उभा राहिला.

"सर, काय केलंत हे?"

"दादा, गहू सारखाच आला. मी काय करू?"

"गप बसता आलं न्हाई तुमाला?"

"गप राहणं आणि बसणं, दोन्ही मला येत नाही," सर म्हणाले. ते विनोद करत नव्हते. पण दादाला तो विनोद वाटला.

"उद्या सकाळी माझ्या रानातून चालते व्हा. ढिगासकट."

मी मध्ये पडलो नाही. दादाचं मला पटत नव्हतं, पण रंगवायला टाकलेली पाटीही मला दिसत होती. आई खुर्च्या गोळा करायला लागली. सकाळी खोली रिकामी होती. वहिनीने सांगितलं, उजाडताना सरांनी अख्खा ढीग शेवटचा पालथा घातला, वर पाचट झाकलं आणि पिशवी घेऊन निघाले. ती चहा घेऊन गेली तर म्हणाले, "ह्याला आठवड्याने एकदा हलवा, नाहीतर आत कोंडतं." चहा त्यांनी उभ्याउभ्या सगळा प्यायला म्हणे. तेवढं ऐकून मला कसंसं झालं.

त्यानंतर दादा त्यांचं नाव घेईना. एकदा फोन लावला तर लागला नाही. पुन्हा लावायचा म्हटलं की मी पण उद्यावर टाकायचो. पण पट्ट्यांच्या खुंट्या दादाने काढल्या नाहीत. टेम्पोवाला सवयीने चोथा टाकून जायचा, त्याला अडवलं नाही. ढीग वहिनीने हातात घेतला. सुरुवातीला उरकायचं म्हणून, मग तिची तिला गोडी लागली. दुपारी सगळे आडवे झाले की ती ढिगाशी असायची, कोपरापर्यंत हात घालून. पुढच्या हंगामात पुन्हा गहू पेरला, त्याच पट्ट्यांत. दादा रोज पिकात फिरून यायचा. एकदा जेवताना मध्येच म्हणाला, "चोथ्याची पट्टी लई पुढं हाय औंदा." कुणी विचारलं नव्हतं.

गव्हाची कापणी तोंडावर आली असताना दादाला गाय घ्यायची झाली. आम्ही घोडेगावच्या बाजाराला गेलो. माणसांची, जनावरांची ही गर्दी, दलालांच्या उपरण्याखाली बोटांची बोलणी चाललेली. एका कडेला भांडण जुंपलं होतं. "अहो, तुम्हाला गाय घ्यायचीय का न्हाई?" एक व्यापारी ओरडत होता. "नाही. तिला खायला काय घालतोस ते सांग. शेण बघ कसं आहे!" दुसरा आवाज. मी आणि दादा एकदमच थांबलो.

सर होते. जास्तच वाळलेले, हातात फावडं, पायाशी शेणाने भरलेली पोती. बाजार उठला की मैदानातलं शेण गोळा करून ते जवळच्या एका मुरमाड रानात नेत, असं मागून कळलं. तिथल्या मालकाच्या पडवीतच राहत होते.

मला वाटलं दादा वळून जाईल. तो गर्दीतून आडवा गेला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचा पाय हलत होता.

"सर," दादा म्हणाला, "तुमी चुकला हुता."

"कशात?"

"दोनी पट्ट्या सारख्या म्हनला हुता. सारख्या न्हाईत. चोथ्याची पट्टी औंदा इतभर उंच हाय. लोंबी बी भरलीया."

माफी, रुसवा, चौकशी, यांतलं काहीतरी होईल असं मला वाटत होतं. सरांचे डोळे मोठे झाले. "वीतभर? त्याच खुंट्या? हलवल्या नाहीत ना? पाणी कुणाला आधी दिलंत?"

"सारखंच."

"शक्य नाही. कधी जायचं?"

"गाय घ्यायची हाय..."

"ती घ्या, ती तिसरी, कबरी. हिचं शेण चांगलं बांधून पडतंय. चला, चला, ऊन आहे तोवर बघायला पाहिजे."

दादाने खरंच तीच गाय घेतली. टेम्पोत मागे गाईशेजारी सर उभे राहिले, चप्पल बाजारातच राहिली होती. वाटेत दर थोड्या वेळाने ते काचेवर थाप मारून दादाला काहीतरी विचारायचे. बियाणं कुठलं, पेरा एकाच दिवशी केला का, कोळपणी किती वेळा. दादा मान बाहेर काढून ओरडून उत्तरं देत होता. इतकं त्या दोघांत आधी कधी बोलणं झालं नव्हतं.

टेम्पो थांबायच्या आत सर उतरून रानात. गुडघ्यांवर बसून त्यांनी चोथ्याच्या पट्टीतली माती उकरली, मुठीत दाबली, फोडली, हुंगली. शेणखताच्या पट्टीत गेले, परत आले. दादा बांधावर उभा राहून बघत होता. निकाल लागायचा असल्यासारखा.

"का?" सर म्हणाले. "गेल्या वर्षी सारखं, यंदा एवढा फरक. का?"

गाय बांधून वहिनी आली होती. पदराला हात पुसत ती म्हणाली, "आवो सर, त्या पट्टीत मी दोनी टाकलं."

"दोन्ही म्हणजे?"

"चोथ्याचं खत टाकलं, ते कमी पडलं. मग शेनखताच्या ढिगातलं वरनं टाकलं. दोनी एकत्र कालवून. ढीग दोनी बाजूबाजूलाच हुते न्हवं?"

दादाने कपाळावर हात मारला. सरांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते इतके हसले की खाली मातीतच बसले.

"किती टाकलंत? हे किती, ते किती?"

"पाट्या कोन मोजतंय? संपंस्तवर टाकलं."

"मोजलं नाही!" सर उठून उभे राहिले, दोन्ही हात डोक्यावर. "अहो, मग हे काहीच कळलं नाही! आता पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागेल. चौथी पट्टी आखायला लागेल!"

दादा बांधावरून खाली उतरला. सरांच्या मातीच्या हातातलं ढेकूळ त्याने आपल्या हातात घेतलं, जरा वेळ चुरत राहिला.

"मग ऱ्हावा की," तो म्हणाला. "पैल्यापासनं करू."